खुंटीची सावली

तुमचा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "उन्हाचं पाणी काढतो." लोक हसायचे. काहींना वाटायचं, भोंदूबाबा दिसतोय. आमच्या सासऱ्यांना तर लग्न ठरताना तशीच शंका आली होती. मध्यस्थाला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं म्हणे, "मुलगा नोकरीलाच आहे ना नक्की? की पाऊसपाणी सांगत फिरतो?"

नोकरीलाच होतो. काशीमीऱ्याला हायवेला लागून गॅरेजांची रांग होती. टायरवाला, रेडिएटरवाला, ट्रकचे पाटे ठोकणारा, आणि त्यांच्या मधोमध आमचं वर्कशॉप. मालक गुजराती, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. सरकारी अनुदानातून शेतकऱ्यांना आणि गावकऱ्यांना उन्हावर चालणारं जे काही सामान मिळायचं, ते शेठ पुरवायचे, बसवून द्यायचे आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत सांभाळायचे. यातलं पुरवणं शेठचं. बसवणं, सांभाळणं आणि शिव्या खाणं हे खातं माझं. आयटीआयचा वायरमन मी. एक स्कूटर, एक पत्र्याची पेटी आणि पोटात राग, एवढ्या भांडवलावर मी ते चालवलं.

सुरुवात झाली सूर्यचुलींपासून, ऐंशीचं दशक संपता संपता. काळी पेटी, तिला काच, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मोठा आरसा. सकाळी डाळ-तांदूळ ठेवले की दुपारपर्यंत शिजायचे. खरंच शिजायचे, मी स्वतः खाल्लेत. काशीगावातल्या एका घरी चार महिन्यांनी चौकशीला गेलो तर चुलीचं झाकण भिंतीवर खिळ्याला टांगलेलं आणि घरातले आजोबा त्यात बघून निवांत दाढी करतायत. "आरसा फस्क्लास दिलाय सरकारनं," आजी म्हणाल्या, "खालची पेटी कशाला दिली ते काय समजला न्हाय." पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी वहीत लिहिलं, 'चूल वापरात आहे.' खोटं कुठं होतं?

मग पंप आले. पंपाचं थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. निळ्या काचेच्या फळ्या असतात, त्यांना पॅनेल म्हणतात. ऊन पडलं की त्यात वीज तयार होते, ती वीज सरळ मोटारीला जाते, मोटार विहिरीतलं पाणी ओढते. बॅटरी नाही, मीटर नाही, डिझेल नाही. ऊन आहे तोवर पाणी. ढग आला की पंप पेंगतो. आता सूर्य काही एका जागी बसत नाही. पॅनेलनं त्याच्याकडे सरळ तोंड केलं तर वीज भरपूर, कललं तर कमी. म्हणून पॅनेलची लोखंडी चौकट मधल्या दांड्यावर फिरणारी असायची आणि खाली एका पट्टीला तीन भोकं. सकाळच्या भोकात खीळ घातली की तोंड पूर्वेला, दुपारच्या भोकात आकाशाला, तिसऱ्या भोकात पश्चिमेला. दिवसातून तीनदा कुणीतरी जाऊन हातानं फिरवायचं. एवढंच. आता कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही, पण तेव्हा आमचा सूर्यपंप असा हातानं वळवायचा होता.

लोकांनी त्याचं काय काय केलं, ते विचारू नका. किनाऱ्याकडच्या एका वाडीतून तक्रार आली, पंप मेला म्हणून. गेलो तर पॅनेलभर जवळा वाळत घातलेला. कोळीणबाई अभिमानानं म्हणाली, "काच काय तापते, दोन दिसात कुरकुरीत." मी समजावलं की एक पॅनेल झाकलं तरी बाकीची अडतात, अरुंद रस्त्यात पुढची गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या थांबतात तसं. तिनं ऐकून घेतलं, जवळा गोळा केला आणि पावशेर माझ्या पेटीत घातला. घरी बायको खूश. काशीगावातच दुसऱ्या एकानं पॅनेलांवर गोणपाट शिवून घातलं होतं. का, तर उन्हानं खराब होतील. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक वर्षभर न काढणारी माणसं आपण, त्याला तरी काय बोलणार.

हे किस्से मी वर्कशॉपमध्ये सांगायचो, सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. पण या हसण्यातच एक खोड अंगात मुरत गेली. यांना काही कळत नाही, आपल्याला कळतं, असा भरवसा बसला. त्या भरवशानं चेण्याच्या गोमतीबाईंच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं, ते आज लिहायला बसलोय.

चेण्याला गावाच्या पलीकडे, ओढा ओलांडून गोमतीबाईंची वाडी होती. पावसाळ्यात भात आणि नंतर भेंडी, वांगी, माठ. आगरी बाई, तेव्हा पंचेचाळिशीची असेल. नवरा घोडबंदर रोडच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचा. शेती सगळी तिचीच. विजेचे खांब गावापर्यंत आले आणि थांबले, कारण मध्ये जंगलाची हद्द. विहीर खाली ओढ्याजवळ, वाफे वर चढावर. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन जेवढे वाफे भिजायचे तेवढीच भेंडी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती पाणीच घालत होती. मान वळवायची झाली तर बाई अख्खी वळायची. इतक्या वर्षांच्या हंड्यानं तिची मान आखडून गेली होती.

मला ते बघवलं नाही, कारण मी ते घरी पाहिलं होतं. आम्ही मूळचे मराठवाड्याचे. बाबासाहेबांचं नाव घेऊन माझे वडील भाईंदरला आले, त्याआधी गावात आमची आई विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची. कुणी वाढलं तर पाणी, नाही तर उभं राहायचं. पाण्यासाठी कुणाच्या मर्जीवर उभं राहणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. या धंद्यात मी टिकलो तो त्यामुळे, पगारामुळे नाही.

तर सरकारच्या योजनेत त्या भागाला एक पंप प्रात्यक्षिकासाठी आला आणि तो गोमतीबाईंच्या वाडीत बसवायचं ठरलं. प्रात्यक्षिक म्हणजे चार लोकांनी येऊन बघावं, त्यांनाही घ्यावासा वाटावा. तोवर पंप नावाला सरकारचा; नीट चालला, तपासणीत उतरला, की तो बाईंच्या नावावर व्हायचा.

बसवल्यावर तिनं पॅनेलला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हाराची सावली पडली आणि मोटार गुरगुरून थांबली. मी हार काढून मोटारीला घातला. मग पाइपातून पाणी आलं, भुसकन, मातीचं, आणि मग स्वच्छ. ती हात धुवायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

"मिस्त्री, डिजेल कुठं घालाचा?"

"डिझेल नाही, मावशी."

"आनि मीटर?"

"मीटरही नाही."

"मंग सूर्य बुडला की?"

"पंप बंद."

"बरा हाय," ती म्हणाली. "मी पन बंद."

ती कधी काय बोलेल याचा नेम नसायचा. त्या दिवशी पाण्याखाली मान घालून उभी राहिली ती कितीतरी वेळ. नंतर तिनं खर्च करून विटांचा हौद बांधून घेतला, चढावरचे पडीक वाफे काढले. भेंडीची पाटी भाईंदरच्या बाजारात जायला लागली.

दोन-अडीच महिन्यांनी देखभालीच्या फेरीला गेलो आणि लांबूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकटीची खीळ काढून टाकलेली. चौकट काथ्याच्या दोरीनं खाली एका खुंट्याला ताणून बांधलेली. आणि वरच्या बाजूला, चौकटीचा जो लोखंडी कोपरा पॅनेलच्या बाहेर येतो, त्यातल्या रिकाम्या भोकात एक वीतभर लाकडी खुंटी ठोकलेली.

"हे काय केलंत?"

"सांगते ना. ऐक," गोमतीबाई म्हणाली. "तीन भोका पुरत न्हाय. मधल्या वखताला पानी कमी पडते..."

"मावशी, हे इंजिनियरांनी बनवलंय. मोठमोठ्या माणसांनी. आपण त्यात डोकं चालवायचं नाही."

"ऐकून तं घे, बाला."

नाही घेतलं ऐकून. दोरी कापली. खुंटी पकडीनं उपटून बांधापलीकडे फेकली. पेटीतली नवी खीळ घातली, ती हरवू नये म्हणून साखळीनं पट्टीला जोडली. आणि वर दम दिला. कुठल्या अधिकारात दिला देव जाणे, पण दिला.

"पुन्हा असं काही केलंत ना, तर सरकार पंप उचलून नेईल. सांगून ठेवतो."

ती एक पाऊल पुढे आली आणि चौकटीवर हात ठेवून उभी राहिली. "बरा," एवढंच म्हणाली. वर्कशॉपला येऊन मी भेटीच्या वहीत सुबक अक्षरात शेरा मारला, 'लाभार्थ्याने यंत्रात फेरफार केले.' माझं अक्षर चांगलं होतं, त्याचा मला गर्व होता.

शेरा वर गेला. वरून साहेब आले. योजनेच्या कचेरीतले हे अधिकारी सडपातळ, छत्री घेऊन चालणारे, कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं की फेरफार झालाय तर तपासणी आत्ताच करू. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंपानं हौद अमुक खुणेपर्यंत भरला पाहिजे. नाही भरला तर या जागेला पंप योग्य नाही असं ठरेल आणि यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाईल. यादीत पुढे कोण होतं, ते मला शेठकडून कळलं होतं. घोडबंदर रोडवर नवीन फार्महाउस बांधलेला एक जण. त्याला हिरवळीवर पाणी मारायचं होतं. शेठ म्हणाले, "अरे पंप इधर लगे या उधर, तेरा तो काम वही है." तेही खरंच होतं म्हणा.

साहेबांनी हौदाच्या आत लाल रंगानं आडवी रेघ मारली. पहिल्या दिवशी सगळं नियमानं झालं. सकाळचं भोक, दुपारचं भोक, तिसरं भोक. खीळ मी स्वतः घातली, घड्याळ बघून. गोमतीबाई लांब बांधावर बसून होती. ऊन खणखणीत होतं, पंप तक्रार न करता चालला. आणि संध्याकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली राहिलं.

चार बोटं म्हणजे काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. नियमाला चार बोटं आणि चार हात सारखेच. साहेबांनी वही मिटली. गोमतीबाईचा नवरा त्या दिवशी खाणीवर रजा टाकून आला होता, तो खाली बघत विडी शोधत राहिला. हंड्यानं आखडलेली ती मान मला दिसत होती, आणि तपासणी माझ्या शेऱ्यामुळे लागली होती.

तेव्हा ती उठून आली. पदर खोचलेला. साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, एक दिस माज्या रीतीनं करू द्या. मंग न्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हाच का तो फेरफार?"

"हो," मी म्हणालो.

साहेबांनी जरा विचार केला. "उद्या मला या बाजूलाच यायचं आहे," ते म्हणाले. "करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा तिनं नवी खुंटी तासून ठोकली होती. खीळ काढायला तिनं मला सांगितलं. स्वतः हात लावला नाही. मी काढली. मग दिवसभर जे पाहिलं ते मी कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो.

हौद सकाळी रिकामा केला होता आणि त्या दिवशी सगळं पाणी हौदातच जात होतं, पण फेऱ्या तिनं रोज वाफे भिजवायच्या अंदाजानंच घातल्या. तिचा हिशेब घड्याळाचा नव्हताच. एक वाफा भिजला की बारं फिरवायचं, म्हणजे फावड्यानं मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. पाण्यावर असलेली कुठलीही शेतकरीण हेच करते. ही फक्त एक गोष्ट जास्त करायची. बारं फिरवलं की वाटेत चौकटीपाशी थांबायची, खुंटीकडे बघायची. खुंटीची सावली एका बाजूला कलली असेल तर दोरी हातभर सैल करायची, सावली ना डावीकडे ना उजवीकडे, सरळ आली की दोरी पुन्हा बांधायची. एक वाफा, एक वळण. माझी तीन भोकं तासन्‌तास सूर्याच्या मागे राहायची. ही बाई सूर्याबरोबर चालत होती. आणि कामात खोळंबा शून्य, कारण चौकट तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच.

साहेब सकाळी आंब्याखाली बसले होते. दुपारी उठून चौकटीपाशी आले. तिसऱ्या प्रहरी तर तिच्या मागेमागे फिरायला लागले, छत्री मिटून.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवते कोन?" ती म्हणाली. "मिरच्या वालत घालते तवा सूप फिरवतेच ना. त्याला तरी कुठं भोका असतात?"

साहेब हसले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी हौदात वाकून बघितलं तर लाल रेघ दिसेना. गोमतीबाईनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बोटानं चाचपून ती कुठं आहे ते साहेबांना दाखवलं. मला त्या क्षणी त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं होतं, ते आत्ता लिहितोय. तेव्हा पडलो नाही. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मिस्त्री, तुमचा शेरा मी वाचला होता. अक्षर छान आहे." बस. यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जाताना ते तिला म्हणाले, "ठीक आहे. पंप सध्या राहू द्या." जीप गेली.

"सध्या म्हंजे?" तिनं मला विचारलं.

मी पेटी आवरत होतो. कान अजून गरम होते. "म्हणजे राहू दे म्हणाले ना, मावशी," असं म्हणालो आणि स्कूटरला किक मारली.

पंधरा-वीस दिवसांनी वर्कशॉपला पत्र आलं. पंप कायमस्वरूपी लाभार्थी गोमतीबाईंच्या नावे केला आहे. मी दोनदा वाचलं, मनापासून बरं वाटलं, शेठना चहा पाजला. पत्राच्या तळाशी 'प्रत लाभार्थ्यास' असं होतं. म्हणजे तिला गेलीच असणार. मी पत्र फाइलीत लावलं.

तिथून पुढे मी जिथे जिथे पंप बसवला तिथे खुंटी ठोकली. शेठनी विचारलं, "इसका खर्चा?" म्हटलं, कुछ नहीं, लकडी है. "तो दो लगाओ," शेठ म्हणाले. शेतकऱ्यांना वापर शिकवायला बोलवायचे तेव्हा मी ही गोष्ट नावगाव सांगून सांगायचो. श्रेय लाटलं नाही, तेवढं पाप माझ्या नावावर नाही. लोक त्याला 'चेण्याची खुंटी' म्हणायला लागले. आणि जोडीला मी आणखी एक सांगायचो. म्हणायचो, चेण्याला कधीही जा, न सांगता जा. माझ्या स्कूटरचा आवाज आला की गोमतीबाई हातातलं काम टाकून पंपाकडे धावते. आधी चौकट बघणार, सावली सरळ करणार, मगच माझ्याशी बोलणार. यंत्रावर माया असावी तर अशी. समोरची माणसं माना डोलवायची. मलाही ऊर भरून यायचा.

सहा पावसाळे गेले. पंपांची देखभाल चांगली केली म्हणून एका कार्यक्रमात स्टेजवर बोलावून मला शाल आणि नारळ दिला. घरी आणून शाल कपाटात ठेवली आणि ती मला टोचायला लागली. बायको म्हणाली, "ज्याची आहे त्याला देऊन या ना. उगीच येरझारा कशाला घालताय." खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाल आणि नारळ पिशवीत घालून चेण्याला गेलो.

गोमतीबाई वरच्या टोकाला भेंडी तोडत होती. स्कूटर थांबली तशी तिनं पाटी खाली टाकली आणि निघाली. आता गुडघा धरला होता, लंगडत धावत होती. मी ओरडलो, "मावशी, हळू." ती चौकटीपाशी पोचली, दोरी सैल केली, सावली बघितली, दोरी बांधली आणि चौकटीवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली.

"सरल हाय बघ, मिस्त्री. आत्ताच फिरवलाय."

"बघितलं, मावशी. बसा आधी."

मी शाल काढली, घडी उलगडली. तिच्या खांद्यावर घालायला गेलो तशी ती मागे सरली. नारळाकडे बघितलं, शालीकडे बघितलं.

"म्हंजे आज नेतास," ती म्हणाली.

"काय?"

"पंप. मालकाला खानीवरनं काढला तवा शाल-नारळ दिलता. समजते मना."

मी म्हटलं, कोण नेतंय, कशाला नेईल, काय बोलताय. ती माझ्याकडे बघत होती, चौकटीवरचा हात तसाच.

"तूच बोल्ला हुतास, सरकार उचलून नेईल. मंग साहेब बोल्ले, सध्या राहू द्या. ते सध्या कवा संपते, कोन सांगनार?"

"अहो, मग मला विचारायचं. किती वेळा आलो मी."

"विचारला असता, आनि तुमाला याद आली असती, तं?"

सहा वर्षं. माझ्या स्कूटरचा आवाज आला की ती धावायची ती मायेनं नाही, भीतीनं. हातातलं काम टाकून ती पंपापाशी येऊन उभी राहायची, कारण न्यायला आलेल्या माणसाला यंत्र नीट चाललेलं दिसलं पाहिजे. आणि मी ते गावोगाव कौतुकानं सांगत फिरलो. आमची आई घागर घेऊन लांब उभी राहायची ती दुसऱ्यांच्या मर्जीवर. या बाईला मी स्वतः, माझ्या एका वाक्यानं, तसंच उभं केलं होतं. तिच्याच विहिरीवर. तिची प्रत तिला पोचलीच नव्हती; कागद माझ्या फाइलीत होता, आणि तो वाचून आनंद झाला होता तो मला.

मी सांगितलं. पंप तिचा आहे, साहेबांनी तेव्हाच, पंधरा दिवसांत करून दिला, कागद आहे, माझ्यापाशी आहे. चूक माझी आहे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणालो, कारण पहिल्यांदा नीट बाहेर पडलं नाही.

"शिक्का हाय कागदावर?"

"आहे."

"माजा नाव?"

"तुमचंच. उद्या सकाळी आणून देतो."

तिनं चौकटीवरचा हात काढला. हौदाच्या कट्ट्यावर जाऊन बसली, शाल मांडीवर घेऊन. रागावली नाही, रडली नाही. शालीच्या काठावरून बोट फिरवत बसली. मीही कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. पंप आपला चालू होता. खालच्या वाफ्यात पाणी भरून बांधावरून सांडायला लागलं होतं, तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

थोड्या वेळानं खुंटीची सावली कलली. आधी बोटभर, मग दोन बोटं. मी बघितलं, तिनंही बघितलेलं मला दिसलं. आता उठेल, मला वाटलं. इतक्या वर्षांत सावली एवढी कललेली तिनं कधी राहू दिली नसेल.

"बसू दे मना थोरा," ती म्हणाली.

मी उठलो. फावडं घेऊन बारं फिरवलं, मग चौकटीपाशी गेलो. दोरी सोडली, हातभर सैल केली. माझ्या नजरेला सावली सरळ दिसत होती, पण मी दोरी बांधली नाही.

"आली का सरळ?" मी विचारलं.

"अजून थोरी," गोमतीबाई बसल्या जागेवरून म्हणाली.